सर्टिफिकेटची मागची बाजू

रीना रामटेके लग्न होऊन रायपूरला आली तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होतं. नंतर ते छत्तीसगढमध्ये गेलं. रीना जागची हलली नाही. भनपुरीत ट्रक उभे राहतात त्या रस्त्यामागच्या घरात, त्याच नवऱ्यासोबत आणि त्याच सासऱ्यासोबत ती राज्य बदलून मोकळी झाली. राजधानी झाल्यावर शहरात दर दुसऱ्या भाड्याच्या बंगल्यावर कुठल्या तरी संचालनालयाची पाटी लागली, पानठेल्यावर फायलींबद्दल बोलणारी माणसं वाढली, आणि ज्याला काल कोणी विचारत नव्हतं तो आज कोणाच्या तरी ओळखीचा निघू लागला. रीनाच्या ओळखीचं कोणी निघालं नाही. पण नव्या राज्याने एक काम केलं. सरकारी दवाखान्यांसाठी स्टाफ नर्सची भरती काढली.

तोवर ती बूढापाऱ्यातल्या एका नर्सिंग होममध्ये होती. तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत खाली औषधाचं दुकान, वर खाटा. डॉक्टर माणूस चांगला, पण कागदांबद्दल त्याला ओढ नव्हती. पांढरे कपडे घातलेली प्रत्येक बाई तिथे सिस्टर. रीनाने नागपूरला तीन वर्षं वसतिगृहाची भाजी खाऊन शिक्षण पुरं केलं होतं, मुंबईच्या कौन्सिलमध्ये रीतसर नाव नोंदवलं होतं. तिच्याबरोबर ड्यूटी करणारी लता काल-परवापर्यंत खालच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या कापायची. सुई दोघीही टोचायच्या. लताची सुई जास्त हलकी लागते, असं पेशंट सांगायचे, आणि ते खरंही होतं. रीनाने एकदा डॉक्टरला आपलं रजिस्ट्रेशन दाखवायला काढलं तर तो म्हणाला, "अरे सिस्टर, मुझे मालूम है ना." त्याला मालूम असणं हीच तिची या राज्यातली नोंदणी होती.

भरतीच्या यादीत तिचं नाव आलं. सोबतच्या पत्रात एक अट होती. उमेदवाराची नर्स म्हणून याच राज्यात नोंदणी झालेली पाहिजे. पुढच्या महिनाअखेरपर्यंत नोंदणी दाखवून रुजू व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाईल. दुसऱ्या राज्याची नोंदणी इथे चढवून घेणं काही अवघड नव्हतं. मूळ सर्टिफिकेट घेऊन ऑफिसात जायचं, अर्ज भरायचा, शिक्का मारून घ्यायचा. रीनाने नवऱ्याला तसंच सांगितलं, "एका चकरेचं काम आहे." धम्मदीप ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, फाडायचा. एका चकरेचं म्हणून सांगितलेलं काम एका चकरेत होत नसतं, हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं. पण तो गप्प बसला.

गप्प न बसलेला माणूस म्हणजे बाबाराव.

बाबाराव तिचे सासरे. भंडाऱ्याकडचे, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेले. त्यांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट तरुणपणीच वाळवीने खाल्लं होतं. वाळवीने सगळं खाल्लं असतं तर दुसरं काढता आलं असतं. तिने नेमकी जन्मतारीख आणि 'उत्तीर्ण' हा शब्द खाल्ला. शाळेचं नाव, हेडमास्तरांची सही, परीक्षेचं साल, सगळं शाबूत. त्या भोकामुळे साहेब लोक कागद वर धरून पाहायचे आणि परत द्यायचे. चार्जमनची बढती न मिळताच बाबाराव रिटायर झाले. मग रायपुरात लॅमिनेशनची मशीन आली. कोर्टाजवळच्या दुकानात कागद गरम रोळांतून जाऊन काचेसारखा बाहेर पडलेला त्यांनी पाहिला, आणि उरलेल्या आयुष्याला दिशा मिळाली. रेशन कार्ड, पेन्शनचा कागद, धम्मदीपच्या मार्कशिटा, लग्नाची पत्रिका, सगळं प्लास्टिकमध्ये गेलं. नातवाचं लसीकरणाचं कार्डही. त्यावर पुढचे डोस लिहायचे रकाने कोरे होते. नर्सबाईंनी पुढच्या डोसच्या वेळी पेन टेकवला, पेन घसरला, आणि त्यांनी रीनाकडे असं पाहिलं की रीनाला घरी येईपर्यंत हसू आवरलं नाही. त्या हसण्याच्या भरात तिने घरी जाऊन स्वतःचे कागद कुलपात ठेवायला पाहिजे होते. तिने ते केलं नाही.

ऑफिसात जायच्या आदल्या दिवशी ती ड्यूटीवरून आली तर बाबाराव ओट्यावर हात मागे बांधून उभे होते.

"घे बेटा," ते म्हणाले. "साहेबापुढे जायचं तर कागद असा पाहिजे."

नर्सिंगच्या कौन्सिलचं मूळ सर्टिफिकेट. दोन्ही बाजूंनी प्लास्टिक, कडा गोल कापलेल्या. दिसत होतं मात्र झकास. रीनाने सासऱ्यांच्या पाया पडायचं ते पडून घेतलं.

नोंदणीचं ऑफिस एका बंगल्यात होतं. घरमालकाने घर जसं सोडलं तसं सरकारने घेतलं होतं. आवक-जावक स्वयंपाकघरात होती. सिमेंटच्या ओट्यावर रजिस्टरांची रांग, भांडी घासायच्या सिंकमध्ये भोपाळहून आलेल्या फायलींचे गठ्ठे, आणि गॅसची शेगडी असायची त्या जागी शिक्क्यांचा स्टँड. त्यामागे श्यामकांत टेंभेकर बसायचे. पुरानी बस्तीतलं जुनं मराठी घर, तीन पिढ्या रायपुरात. काउंटरवर ते हिंदी बोलायचे आणि आडनाव वाचलं की मराठीत यायचे, पण पूर्ण नाही.

"रामटेके. अच्छा. नागपूर साइड का?"

"हव. माहेर नागपूर."

"सगळे कागद बरोबर हायेत मॅडम. टाइमात आल्या तुम्ही." त्यांनी सर्टिफिकेट उचललं, उलटं केलं, शिक्का पॅडवर दाबला आणि हात हवेत थांबला. "हे काय हो?"

"लॅमिनेशन."

"ते दिसून राहिलं. शिक्का कुठं मारू मी?"

रीनाला प्रश्न कळला नाही. श्यामकांतांनी समजावून सांगितलं. नोंदणी इथे चढवली की तिचा नंबर, तारीख आणि साहेबांची सही मूळ सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूवर करायची असते. एकाच कागदावर दोन राज्यांत माणूस नोकरी करू नये म्हणून. झेरॉक्सवर चालत नाही, वेगळ्या कागदावर चालत नाही. मागची बाजू त्यासाठीच कोरी सोडलेली असते. रीनाला अजून पटलेलं नाही असं वाटल्यावर त्यांनी शिक्का मारूनही दाखवला. शाईचे थेंब प्लास्टिकवर दवासारखे जमले. श्यामकांतांनी बोट फिरवलं. कागद पुन्हा झकास.

"कोणी केलं हे?"

"सासऱ्यांनी."

"प्रेमानं केलं असन."

"हव."

"मग मुश्किल आहे," श्यामकांत म्हणाले. "रागानं केलं असतं तर काही रस्ता निघाला असता. दूसरा निकलवा लो, मॅडम. मुंबईहून."

घरी आल्यावर तिने चढ्या आवाजात काही सांगितलं नाही. बाबाराव भाजी निवडत होते. सगळं ऐकून त्यांनी निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी ते त्या लॅमिनेशनच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "चाचा, हम लगाते हैं, निकालते नहीं." मग त्यांनी घरीच करायचं ठरवलं. रीना ड्यूटीवर, धम्मदीप गोडाऊनवर. इस्त्री गरम करून, मध्ये फडकं ठेवून, त्यांनी प्लास्टिक सोडवून पाहिलं. पण रीनाच्या कागदावर नाही. रिटायर होताना कारखान्याने चांगल्या कामाबद्दल दिलेलं प्रशस्तिपत्र होतं, रेल्वेच्या मोनोग्रामचं. ते त्यांनी घेतलं. रीना आली तेव्हा ते चटईवर बसले होते आणि दोन्ही गुडघ्यांवर प्रशस्तिपत्राचा एक-एक भाग होता. कागद जाडीतून उभा चिरला गेला होता. सगळी अक्षरं एका प्लास्टिकला चिकटून गेली होती, दुसऱ्यावर नुसता पांढरा लगदा.

"निघते," बाबाराव म्हणाले. "पण कागद संगच येते."

रीना चहा ठेवायला आत गेली.

संध्याकाळी धम्मदीपने तोडगा सांगितला. तो भनपुरीतला सर्वमान्य तोडगा होता. "हरवलं म्हणून ठाण्यात लिहून दे. तो कागद मुंबईले लाव, दुसरं सर्टिफिकेट येते. आमच्या इथल्या अर्ध्या ड्रायवरायचे लायसन असेच हरवते."

"आणि हे?" रीनाने लॅमिनेट केलेलं उचललं.

"हे पेटीत राहू दे. कोण पाहून राहिलं?"

रीनाला यात काही वावगं वाटलं नाही. महिना पुढे सरकत होता, आणि यादीतल्या पुढच्या नावाची पोरगी धमतरीहून दोनदा येऊन चौकशी करून गेली, असं श्यामकांतांनीच सांगितलं होतं. ती ठाण्यात जायला निघाली तर बाबाराव चपला घालून तयार. बाईमाणसाने ठाण्यात एकटं जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. ते ऐकायला नको होतं, हे तिला नंतर कळलं.

हवालदार सभ्य होता. त्याने कोरा कागद घेतला, रीनाला स्टूल दिलं.

"क्या गुमा?"

"सर्टिफिकेट. नर्सिंग का."

"कहाँ गुमा?"

"बस में," रीना म्हणाली. हे तिने वाटेत ठरवून ठेवलं होतं. "बूढापारा से आते टाइम."

"साहेब," मागून बाबाराव म्हणाले, "गुमा नहीं. पेटी में है."

हवालदाराचा पेन थांबला. त्याने आधी बाबारावांकडे पाहिलं, मग रीनाकडे. "पेटी में है तो गुमा कैसे?"

"वही तो," बाबाराव म्हणाले.

परत येताना रीना ऑटोत बसली नाही. उन्हातून चालत निघाली. बाबाराव चार पावलं मागे.

"मामाजी," ती सासऱ्यांकडे न वळता म्हणाली, "तुमचं खरं बोलणं मले परवडत नाही."

"जे डोळ्यासमोर आहे त्याले हरवलं म्हणायले जीभ नाही उठत बेटा माही."

"नोकरी हरवली म्हणायले उठन का?"

घराजवळ एक ट्रक रस्ता अडवून उभा होता, त्याला दोघांनी वेगवेगळ्या बाजूंनी वळसा घातला. पुढचे काही दिवस घरात ताटं वाढली गेली, पाणी भरलं गेलं, पण सुनेचा आणि सासऱ्याचा संवाद नातवामार्फत चालला. "आजोबाले विचार, भात पाहिजे का." नातू विचारायचा. "सांग, नाही." नातू सांगायचा. पोट्ट्याला हा खेळ आवडला होता.

मधल्या वेळात बाबाराव कोर्टापुढच्या टायपिस्टकडे जाऊन आले. मुंबईच्या कौन्सिलचा नियम त्यांनी श्यामकांतांकडून समजून घेतला होता. कागद हरवला तर नवा मिळतो, तसा खराब झाला तरी मिळतो. खराब झालेला जमा करायचा आणि का खराब झाला ते शपथेवर लिहून द्यायचं. बाबारावांनी शपथपत्र स्वतःच्या नावाने करवलं. टायपिस्टने सवयीने "अनजाने में" असं टाइप केलं. बाबारावांनी ते खोडायला लावलं.

"जानबूझकर. पर अच्छे मन से."

"चाचा, अच्छे मन का कोई कॉलम नहीं है कानून में."

"तो जानबूझकर लिखो."

शपथपत्र त्यांनी रीनाच्या उशाशी ठेवलं. त्यात एवढंच होतं: सुनेला न विचारता, तिच्या नोंदणीचा मूळ कागद मी स्वतः होऊन निकामी केला. खाली सही, मराठीत, कारखान्यातल्या हजेरीच्या वहीसारखी एका दमात केलेली. रीनाने ते दोनदा वाचलं आणि पोराला मध्ये न घेता विचारलं, "मुंबईले कधी निघायचं?"

दोघं मुंबई मेलने गेले. बाबारावांकडे रिटायर माणसाचा पास होता, सुनेचं नाव त्यात बसत नव्हतं, म्हणून तिचं तिकीट काढलं. नागपूरला बाबारावांनी खिडकीतून दोन चहा घेतले आणि एक तिच्या हातात दिला. तेवढं पुरलं.

मुंबईच्या ऑफिसात खिडकीमागे एक प्रौढ बाई होत्या, चष्मा साखळीला लटकवलेला. त्यांनी सर्टिफिकेट घेतलं आणि उजेडाला धरलं.

"किती सुंदर ठेवलंय हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे माणसं घामाने भिजलेले, चार ठिकाणी फाटलेले कागद आणतात. याला मी खराब कसं म्हणू?"

"मागे शिक्का बसत नाही," रीना म्हणाली.

"ते तुमच्या छत्तीसगढचं झालं. आमच्या दृष्टीने हा कागद उत्तम आहे. खराब आहे की नाही अशी शंका असली तर कमिटीपुढे जातं. कमिटी पुढच्या महिन्यात बसते." त्यांनी रीनाचं नेमणुकीचं पत्र वाचलं, शेवटची तारीख पाहिली आणि आवाज खाली आणला. "तुम्ही असं करा ना. हरवलं म्हणून अर्ज द्या. पोलिसांचा कागद मागाहून पाठवा. आठवड्यात दुय्यम प्रत मिळेल. हा मला दाखवलाच नाही असं समजते मी."

बाई मनापासून मदत करत होत्या. रीनाने बाबारावांकडे पाहिलं नाही. पाहायची गरज पडली नाही.

"लिही बेटा," ते म्हणाले. "हरवलं म्हणून लिही. मी नाही बोलत मधात."

ते खिशातलं शपथपत्र घडी घालून आणखी लहान करत होते. ज्या माणसाने हवालदारापुढे पेटीचं नाव घेतलं, तो आज स्वतः 'हरवलं' लिहायला सांगत होता. रीनाला मोकळं वाटायला पाहिजे होतं. त्याऐवजी तिच्या डोळ्यासमोर तो हवालदार आला, कोरा कागद घेऊन बसलेला, आणि त्याच्यापुढे पुन्हा जाऊन उभी राहिलेली ती, मागे तोंड मिटून उभे असलेले बाबाराव. ते मिटलेलं तोंड तिला पाहायचं नव्हतं.

"मॅडम, कमिटी काय ठरवते?"

"हेच. कागद खराब आहे की नाही."

"आणि शंकाच नसली तर?"

"मग कमिटी कशाला? इथंच जमा करून घ्यायचा आणि नवा द्यायचा. तो माझा अधिकार आहे."

"कात्री आहे का तुमच्याकडे?"

बाईंनी कात्री दिली. पुढच्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं असावं, पण तोवर रीनाने गोल कापलेली एक कड सरळ कापून काढली होती. मग नखाने प्लास्टिकचं टोक सोडवलं आणि जखमेवरची चिकटपट्टी काढावी तसं एका हाताने दाबून दुसऱ्याने ओढत गेली. बाबाराव पंख्याकडे पाहत होते. आवाज फार झाला नाही. कौन्सिलचं नाव गेलं, तिचं अर्धं नाव गेलं, वसतिगृहातल्या रात्री पाठ करून मिळवलेला नंबर प्लास्टिकला चिकटून वर आला. तिने अर्ध्यावर थांबून कागद खिडकीतून आत सरकवला.

बाईंनी तो पुन्हा उजेडाला धरला. या वेळी उजेड पलीकडून आला.

"खराब आहे," त्या म्हणाल्या आणि रजिस्टर उघडलं. "निःसंशय." लिहिता लिहिता त्यांनी बाबारावांचं शपथपत्र मागून घेतलं, वाचलं, चष्म्यावरून पाहिलं. "पण हे तर आत्ता यांनीच फाडलं. तुमचं शपथपत्र आता कशाला?"

"लावून ठेवा," रीना म्हणाली. "त्यात खोटं काही नाही."

दुय्यम प्रत रायपूरला पोस्टाने आली, महिना संपायच्या थोडी आधी. डोक्यावर लाल शाईत तसं लिहिलं होतं. पाठ कोरी, खरखरीत, सरकारी. श्यामकांतांनी ओट्यावर ती उलटी ठेवली, शिक्का मारला, नंबर घातला आणि साहेबांची सही आणायला आत, म्हणजे पूर्वीच्या बेडरूममध्ये, गेले. बाहेर आल्यावर त्यांनी स्वतः फुंकर घालून शाई वाळवली.

"धमतरीवाली काल पण आली होती," ते म्हणाले. "मी म्हटलं, मॅडम मुंबईले गेल्या आहेत. जाऊ द्या, तिचाही नंबर लागन पुढं."

रुजू व्हायच्या दिवशी बाबाराव दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले आणि तिथेच थांबले. आत टेबलामागच्या तरुण बाबूने रीनाचे कागद एकामागून एक चाळले. निवडीचं पत्र, वयाचा दाखला, दुय्यम प्रतीची समोरची बाजू. लाल अक्षरांवर त्याची नजर क्षणभर अडखळली.

"ठीक है सिस्टर, साइन कर दो," तो म्हणाला आणि गठ्ठ्याला पिन टोचायला घेतली.

रीनाने हात पुढे करून त्याची पिन थांबवली. सर्टिफिकेट ओढून घेतलं, उलटं केलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"पीछे देखिए, भैया."

बाबूला कळलं नाही काय पाहायचं ते. जांभळा शिक्का, नंबर, तारीख, सही. तरी समोरची बाई हटत नव्हती, म्हणून त्याने ते सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं.

"देख लिया," तो म्हणाला.

मग रीनाने सही केली.